शेपूट गुंडाळलेल्या ‘ए’ची गोष्ट

श्रोतेहो, नमस्कार. रोमन लिपीतला छोटा ‘ए’ काढून, हात न उचलता त्याची शेपटी त्याच्याच भोवती फिरवली की जे चिन्ह तयार होते, त्याच्याविषयी आज बोलायचे आहे. ई-मेलचा पत्ता सांगताना आपण त्याला ‘ॲट द रेट’ म्हणतो, आणि तसे म्हणताना जुन्या व्यापाऱ्यांची भाषा बोलतो, हे बहुधा आपल्या ध्यानातही येत नाही.

व्यापाऱ्यांकडे वळण्यापूर्वी १९७१ सालची हकीकत सांगतो. अमेरिकेतल्या केंब्रिज शहरात, ‘बोल्ट, बेरानेक आणि न्यूमन’ या कंपनीत रे टॉमलिन्सन नावाचे अभियंते काम करीत होते. अर्पानेट हे संगणकांचे जाळे तेव्हा नवीनच होते. एकाच संगणकावर काम करणारी माणसे परस्परांसाठी निरोप ठेवू शकत, मात्र दुसऱ्या संगणकावरच्या माणसाला निरोप पाठवण्याची सोय नव्हती. टॉमलिन्सन यांनी निरोप ठेवणारा एक प्रोग्रॅम आणि फायली इकडून तिकडे नेणारा दुसरा प्रोग्रॅम यांची सांगड घातली. हे काम त्यांना कोणीही नेमून दिलेले नव्हते. (नेमून दिलेल्या कामातून असे काही क्वचितच निघते, असे माझे जुने मत आहे, ते असो.)

अडचण उरली ती पत्त्याची. माणसाचे नाव कोठे संपले आणि यंत्राचे नाव कोठे सुरू झाले, हे संगणकाला कळावे कसे? टॉमलिन्सन यांनी समोरच्या टेलिटाइपचा कळफलक न्याहाळला. अक्षरे आणि अंक चालणार नव्हते, कारण ते नावांत येतात. या चिन्हाची कळ मात्र मोकळी होती; ते कोणाच्याही नावात येत नव्हते, आणि इंग्रजीत त्याचा अर्थच मुळी ‘अमक्या ठिकाणी’ असा होत होता. अमका माणूस, तमक्या यंत्रावर. पुन्हा सांगतो: जे चिन्ह कोणाच्याच नावात नव्हते, तेच सर्वांच्या पत्त्यात जाऊन बसले.

पहिला निरोप शेजारीशेजारी ठेवलेल्या दोन यंत्रांमध्ये, पण अर्पानेटच्या वाटेने गेला. त्यात काय लिहिले होते, हे खुद्द टॉमलिन्सन यांना पुढे आठवेना. कळफलकाच्या वरच्या ओळीतली अक्षरे ओळीने दाबली असतील, एवढेच ते सांगत. सहकाऱ्याला ही करामत दाखवताना ‘कोणाला सांगू नकोस’ असे त्यांनी बजावले होते म्हणतात. गंमत अशी की मल्टिक्स नावाच्या संगणकप्रणालीत हेच चिन्ह टंकले की लिहिलेली सबंध ओळ रद्द होत असे, त्यामुळे तेथल्या मंडळींना पत्ता लिहिणेच मुश्कील होऊन बसले.

आता व्यापारी. ४ मे १५३६ रोजी फ्रान्चेस्को लापी या फ्लोरेन्सच्या व्यापाऱ्याने सेव्हिलहून रोमला धाडलेल्या पत्रात हे चिन्ह मद्याच्या रांजणाचे माप म्हणून आलेले आहे. स्पॅनिश भाषेत त्याला ‘अरोबा’ म्हणतात. हा शब्द ‘चौथा हिस्सा’ या अर्थाच्या अरबी शब्दावरून आला असून अरोबा हे सुमारे साडेअकरा किलोचे वजन होते. इंग्रजी हिशेबवह्यांत या चिन्हाने ‘प्रत्येकी अमुक दराने’ हा अर्थ घेतला. आपल्या ‘ॲट द रेट’मधला दर तो हाच.

ज्यांना हा हिशेब ठाऊक नव्हता, त्यांनी चिन्हाकडे सरळ डोळ्यांनी पाहिले. इटालियन माणसाला त्यात गोगलगाय दिसली, डच माणसाला माकडाची शेपटी, डॅनिश माणसाला हत्तीची सोंड, हंगेरियन माणसाला अळी, ग्रीक माणसाला बदकाचे पिल्लू. रशियन लोक त्याला चक्क कुत्रा म्हणतात. चेक भाषेत ते मुरवलेल्या माशाची गुंडाळी झाले, तर हिब्रूत श्ट्रुडेल नावाचे गोड वेटोळे. ही नावे कोणत्याही परिभाषा समितीने घडवलेली नाहीत, आणि म्हणूनच ती टिकली, असे मला वाटते.

बिनतारी संदेशांच्या मोर्स लिपीत मात्र या चिन्हाला २००४ सालापर्यंत जागाच नव्हती. त्या वर्षी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने ‘ए’ आणि ‘सी’ ही दोन अक्षरे मध्ये न थांबता जोडून त्याला संकेत दिला. कानांनी ऐकायचा झाला, तर तो असा आहे: टिंब, रेघ, रेघ, टिंब, रेघ, टिंब.