पाण्यासारखं दिसतं ते हार्डनर

हे गोव्यातल्या मालीम जेटीवरचे ट्रॉलर. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे डागडुजी काय ती याच दिवसांत उरकायची. बाहेर धो धो पाऊस म्हणून शेडला चारी बाजूंनी ताडपत्री बांधलीय आणि आत फायबरचं काम चाललंय. वास कॅमेऱ्यात येत नाही, नाहीतर तुम्ही एव्हाना व्हिडिओ बंद केला असता. तो स्टायरीन नावाच्या रसायनाचा वास, रेझिनमधला, म्हणजे फायबर ज्यात मुरवतात त्या चिकट द्रवातला.

आता हात बघा. बालदीत पॉलिएस्टर रेझिन, त्यात आधी कोबाल्ट, म्हणजे काम लवकर सुकवणारं, जांभळं असतं ते, चांगलं ढवळून घ्यायचं आणि मगच हार्डनर, म्हणजे रेझिन कडक करणारं, साधारण एक ते दोन टक्के, बस. हा क्रम चुकवायचा नाही, कारण कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत पडले तर भडका उडतो, स्फोटसुद्धा होतो. मग काचेच्या धाग्यांची मॅट अंथरायची, ब्रशने रेझिन मुरवायचं, वरून रोलर फिरवून हवा काढायची. बालदीत उरलेला माल बघा, आपोआप तापून धुमसायला लागलाय.

ब्रश धुवायला ॲसिटोन. त्याची वाफ उणे २० डिग्रीलाही पेटू शकते, वर हवेपेक्षा जड, म्हणजे जमिनीलगत सरकत जाते, आणि पलीकडे ग्राइंडरच्या ठिणग्या उडतायत. तोंडाला बांधलेला रुमाल धूळ थोडीफार अडवेल, वाफ नाही, त्याला कार्ट्रिजवालाच, म्हणजे वाफ शोषणारी डबी लावलेलाच मास्क लागतो.

मूळ कॅनवर लाल चौकटीतली चित्रं असतात. ज्योत म्हणजे पेट घेणारं. हातावर टपकणारा थेंब म्हणजे कातडी, डोळे जाळणारं. छातीवर चांदणी असलेला माणूस म्हणजे रोज थोडं थोडं आत जाऊन नुकसान करणारं, स्टायरीनने तर ऐकू येणंही कमी होतं. हे सगळं कॅनवर. पण कामाला घेतलीय ती ही पाण्याची बाटली, आत पाण्यासारखंच दिसणारं हार्डनर, लेबल नाही, आणि शेजारी प्यायच्या पाण्याची तसलीच बाटली. डोळ्यात उडालं तर दृष्टी जाऊ शकते, लगेच निदान १५ मिनिटं धुवायचं आणि दवाखाना गाठायचा.

मास्किंग टेप आणि मार्कर शेडमध्येच पडलेला असतो, नाव आणि चित्र काढायला अर्धं मिनिट पुरे. आणि माल घेताना दुकानदाराकडे सेफ्टी डेटाशीट, म्हणजे त्या रसायनाचे धोके आणि काळजी सांगणारा कागद मागा, १६ भाग असतात, त्यातला चौथा प्रथमोपचाराचा, आठवा मास्क-हातमोज्यांचा, तेवढे दोन तरी मराठीत लिहून भिंतीला लावा.