तिथी म्हणजे कोन

मंडळी, २०२५ चं गणेश विसर्जन आठवतंय? अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला होती. लालबागचा राजा दुसऱ्या दिवशी सकाळी गिरगाव चौपाटीवर पोचला, तोवर पाणी चढायला लागलं होतं. मूर्ती तराफ्यावर चढेना. ओहोटीची वाट बघावी लागली आणि विसर्जन व्हायला रात्रीचे नऊ वाजले. त्यानंतर तासाभरात चंद्राला ग्रहण लागलं. अकरानंतर खग्रास, चंद्र तांबूस. उधाण, पौर्णिमा, ग्रहण, सगळं एका दिवसात! यातली पौर्णिमा आली की उधाण येतंच. तिसरी मात्र कधीतरीच जमते.

आपण तिथीला दिवस समजतो. तिथी हा दिवस नव्हे, कोन आहे. पृथ्वीवरून बघताना चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी संपते. चंद्र कधी भराभर चालतो, कधी रेंगाळतो, म्हणून तिथीचा क्षय होतो नाहीतर वृद्धी होते. असे तीस टप्पे झाले की तीनशे साठ अंश, एक महिना.

कला याच कोनातून येतात. चंद्रावर पृथ्वीची सावली पडते म्हणून कोर दिसते असं अजून शिकलेली माणसंही सांगतात. सावलीचा इथे काही संबंध नाही. शुद्ध अष्टमीला, ऊन कलल्यावर अंगणात उभे राहा. चंद्र वर आलेला असेल. एक लिंबू हात लांब करून चंद्राच्या शेजारी धरा. लिंबाचा जेवढा भाग उन्हाने उजळलाय, तेवढाच चंद्राचा उजळलेला दिसेल, आणि त्याच बाजूचा. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा लिंबू खाली ठेववेना.

आता पाणी. कोकणातले जुने लोक भरतीची वेळ कशी काढतात? तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. हे पाऊण आलं कुठून? पृथ्वीला बारा अंश फिरायला अठ्ठेचाळीस मिनिटं लागतात. चंद्र रोज साधारण तेवढा पुढे गेलेला असतो, त्याला गाठायला किनाऱ्याला तेवढा जास्त वेळ फिरावं लागतं. अठ्ठेचाळीसचं तोंडी गणित कोण करणार, म्हणून पाऊण तास! चतुर्दशीला चौदा गुणिले अठ्ठेचाळीस करा: सव्वाअकरा होतात. ६ सप्टेंबरला मुंबईत भरती अकराच्या सुमारास होती. रोज इतकं नेमकं जुळत नाही, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं. आणि हा हिशेब आपल्या किनाऱ्याचा. भावनगरला नेलात तर फसाल, खंबातच्या आखातात पाणी शिरायला वेळ लागतो.

दिवसातून दोन भरत्या का, हेही विचारतात. चंद्राची ओढ त्याच्याकडच्या पाण्यावर जास्त, पृथ्वीच्या मधोमध त्याहून कमी, पलीकडच्या पाण्यावर सगळ्यात कमी. म्हणून अलीकडे फुगवटा आणि पलीकडेही. सूर्यही ओढतो, पण भरतीपुरतं त्याचं बळ चंद्राच्या निम्म्याहून थोडं कमी. पौर्णिमा-अमावास्येला तिघे एका रेषेत, दोघांचं बळ एकत्र, म्हणून उधाण. अष्टमीला दोघे काटकोनात, म्हणून भांग, म्हणजे कमी चढणारी भरती. पाण्याला जरा उशीर होतो. सगळ्यात मोठं उधाण पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी येतं.

मग दर पौर्णिमेला ग्रहण का नाही? चंद्राची वाट सूर्याच्या वाटेशी पाच अंशांनी कललेली आहे. पाच अंश म्हणजे दहा पूर्णचंद्र एकावर एक रचल्याएवढं अंतर. एरवी चंद्र सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो. दोन्ही वाटा जिथे छेदतात ते बिंदू राहू आणि केतू. राक्षस नाहीत, ग्रह नाहीत, नुसते छेदनबिंदू. ७ सप्टेंबरला पौर्णिमेचा चंद्र राहूजवळ होता, समोर सूर्य केतूजवळ.

दोन आठवड्यांनी सर्वपित्री अमावास्येला, २१ सप्टेंबरला, सूर्य अजून केतूच्या आसपासच होता. चंद्रही तिथे येऊन पोचला आणि खंडग्रास सूर्यग्रहण झालं. सावली न्यूझीलंड-अंटार्क्टिकाकडे पडली, आपल्याकडे कुणाला काही दिसलं नाही. गिरगावला पाणी मात्र त्याही दिवशी बाराच्या आसपास भरलं होतं.