बर्फाचा बांध

नमस्कार श्रोतेहो.

नोव्हेंबर अर्धा सरला. मेपलची पानं तपकिरी कागदी पिशव्यांत भरून कडेला ठेवून झाली, बागेतला पाण्याचा पाइप गुंडाळून आत गेला. टोरोंटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टन, इथे कॅनडात तुम्ही जिथून ऐकत असाल तिथं घरापुढची हिरवळ आत्ता मोकळी दिसत असेल. आज मी बर्फाबद्दल बोलणार आहे, आणि मुद्दाम तो पडायच्या आत बोलणार आहे. पडल्यावर हे बोलणं फार जड जातं. तेव्हा आपण दमलेलो असतो, शेजारीही दमलेला असतो, बोटं गारठलेली असतात आणि दोघांनाही कामावर पोचायचं असतं.

प्रश्न एवढाच आहे: ड्राइव्हवेवरचा, म्हणजे घरापुढच्या गाडीच्या वाटेवरचा बर्फ काढला, तर तो टाकायचा कुठे?

आधी तो असतो किती, ते बघू. दोन गाड्यांचा ड्राइव्हवे धरा, 6 मीटर रुंद आणि 10 मीटर लांब. रात्रीतून 20 सेंटिमीटर बर्फ पडला. हा झाला 12 घनमीटर. अगदी कोरडा, भुसभुशीत, घनमीटरला 100 किलो धरला तरी 1200 किलो भरतो. ओला असला तर त्याच्या तिप्पटही. हे सगळं आपण फावड्या-फावड्यानं उचलून कुठंतरी ठेवतो आणि ते तिथंच राहतं. पुढच्या आठवड्यात त्याच्यावर दुसरा थर येतो. मधेच एखाद्या दुपारी पारा शून्याच्या वर गेला की ढीग थोडा बसतो, रात्री गोठून त्याचा दगड होतो. जानेवारी 1999 मध्ये टोरोंटोत बर्फ इतका साठला की महापौर मेल लास्टमन यांनी लष्कर बोलावलं. आणि फेब्रुवारी 2025 तर आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलाय. एका वादळाचा बर्फ उचलून होतो न होतो तोच दुसरं आलं. ज्यांनी पहिला बर्फ ड्राइव्हवेच्या अगदी कडेला रचून ठेवला होता, त्यांना दुसऱ्याला जागाच उरली नाही. मग तो कुठं गेला? रस्त्यावर, नाहीतर शेजाऱ्याच्या हद्दीत.

माझी गोष्ट सांगतो. आम्ही या घरात आलो तो पहिला हिवाळा. आमचा ड्राइव्हवे आणि शेजारच्या आजोबांचं घर यांच्यामध्ये जेमतेम दीड मीटरची हिरवळीची पट्टी आहे. आजोबा तरुणपणी इटलीहून आलेले, आता एकटेच राहतात. मी सगळा बर्फ त्या पट्टीवर टाकत गेलो, कारण तीच बाजू जवळ पडायची. जमिनीला त्यांच्या घराकडे उतार आहे, हे मी पाहिलंच नव्हतं. मार्चमध्ये दोन दिवस ऊन पडलं, त्यावर पाऊस आला. जमीन आतून अजून गोठलेली, पाणी मुरेना. ते सगळं त्यांच्या बेसमेंटच्या खिडकीशी तुंबलं आणि आत शिरलं. आजोबा आमच्या दारात आले, ओरडले नाहीत. मला खाली घेऊन गेले आणि भिजलेला गालिचा दाखवला. त्यांच्या वारलेल्या पत्नीचं शिवणयंत्र त्यावर ठेवलेलं होतं. लाकडी खोक्याचा तळ ओला झाला होता.

माझं आजोळ कोकणातलं. आपल्या छपराच्या पागोळ्या शेजाऱ्याच्या अंगणात पडू नयेत म्हणून तिथं घर बांधतानाच बाजूला जागा सोडतात. वडिलांकडचं गाव देशावरचं. तिथं बांध हातभर कोरला म्हणून सख्ख्या भावांची बोलणी बंद झालेली मी पाहिली आहेत. पाणी कुठून येतं, कुणाच्या जमिनीतून जातं, याची जाण आपल्या माणसाला लहानपणापासून असते. इथं आल्यावर मी फक्त पांढरा बर्फ पाहिला. तो पाणीच आहे आणि मार्चमध्ये कुणाच्या तरी दारी जाणार आहे, हे माझ्या लक्षात आलं नाही. म्हणून आज हे पोटतिडकीनं सांगतोय.

तर या शनिवार-रविवारी गॅरेजच्या दारात उभे राहा आणि जमिनीचा उतार बघा. समजत नसेल तर बादलीभर पाणी ओता, तेच दाखवेल. घरांपासून दूर, रस्त्याकडे उतरणारा आपल्या पुढच्या हिरवळीचा भाग ही बर्फाची जागा. आणि पहिला बर्फ त्या जागेच्या लांबच्या टोकाला न्यायचा. डिसेंबरमध्ये चार पावलं जास्त चालावं लागतं, कंटाळा येतो, पण ढीग लांबून जवळ वाढत आला तरच फेब्रुवारीत जागा शिल्लक राहते.

रस्त्यावर ढकलायचा नाही. ऑन्टारियोच्या हायवे ट्रॅफिक कायद्याचं कलम 181 तेच सांगतं: रस्त्याची देखभाल करणाऱ्या यंत्रणेच्या लेखी परवानगीशिवाय रस्त्यावर बर्फ टाकता येत नाही. साइडवॉकवर, म्हणजे पदपथावरही नको, तिथून बाबागाडी जाते, व्हीलचेअर जाते. फायर हायड्रंट, म्हणजे आगीच्या बंबासाठीचा पाण्याचा नळ, आणि रस्त्याकडेची गटाराची जाळी मोकळी ठेवा. कोपऱ्यावरचं घर असेल तर ढीग कमरेच्या वर जाऊ देऊ नका, वळणाऱ्या गाडीला शाळेतून येणारं मूल दिसलं पाहिजे.

आणखी एक गोष्ट, जी बरेच जण विसरतात. इथल्या पुष्कळ घरांत फर्नेसचा, म्हणजे घर तापवणाऱ्या भट्टीचा धूर बाजूच्या भिंतीतून प्लास्टिकच्या पाइपनं बाहेर पडतो. शेजाऱ्याचा तो पाइप बहुतेक वेळा आपल्याच बाजूला असतो. दोन घरांच्या बोळात बर्फ कोंबला आणि पाइपचं तोंड बुजलं, तर फर्नेस बंद पडू शकते किंवा कार्बन मोनॉक्साइड घरात राहू शकतो. त्या वायूला वास नसतो. स्नोब्लोअर, म्हणजे बर्फ उडवून फेकणारं यंत्र, चालवताना त्याचं तोंड त्या बाजूला वळवूच नका.

आता प्लाऊ, म्हणजे रस्त्यावरचा बर्फ पात्यानं कडेला ढकलणारी गाडी. तासभर खपून ड्राइव्हवे स्वच्छ करावा आणि पालिकेच्या प्लाऊनं जाता जाता तोंडाशी गुडघाभर जड बर्फाचा बांध घालून जावं, यानं जीव मेटाकुटीला येतो. काही शहरं हा बांध काढून देतात, काही देत नाहीत. 311 ला, म्हणजे पालिकेच्या चौकशीच्या नंबरला फोन करून विचारा. पण थोडं आपल्याही हातात आहे. घराकडे पाठ करून रस्त्याकडे तोंड करा. इथं गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात, म्हणून आपल्याकडच्या लेनमधला प्लाऊ आपल्या डावीकडून येतो. ड्राइव्हवेच्या डाव्या अंगाला, रस्त्यालगत, एक खिसा मोकळा करून ठेवा. पात्यावरचा बराच बर्फ त्या खिशात पडतो आणि आपलं तोंड त्या मानानं मोकळं राहतं. काढलेला बर्फ उजव्या अंगाला न्यावा, हे बहुतेकांना माहीत असतं. मात्र तो रस्त्याच्या अगदी कडेला रचला तर पुढच्या फेरीत प्लाऊ त्यातला बर्फ ओढून उजवीकडच्या शेजाऱ्याच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी नेतो. त्याला वाटतं, यांनी मुद्दाम केलं. मोठाली भांडणं अशाच ठिकाणी सुरू होतात, जिथं कुणाच्या मनात काहीच नसतं. ढीग कडेपासून आत, हिरवळीवर घ्या.

जोडघरांत राहणाऱ्यांचं अवघड असतं, मला कल्पना आहे. दोन ड्राइव्हवे एकमेकांना चिकटून, मधे गवताची काडी नाही. तिथं दोघांनी मिळून एकच ढीग ठरवावा लागतो, आणि ज्याच्या हिरवळीवर तो होणार त्याच्या तोंडाशी आलेला प्लाऊचा बांध दुसऱ्यानं काढून द्यावा. माझ्या ओळखीची दोन कुटुंबं असं करतात आणि त्यांचं उत्तम चाललंय. बर्फ काढायला माणूस लावला असेल तर ठरलेली जागा त्यालाही दाखवा. तो पहाटे चारला येतो, त्याला अजून वीस घरं करायची असतात. त्याला जी जागा सोयीची दिसेल तिथं तो टाकणार.

मिठाबद्दल थोडक्यात. साधं मीठ उणे 10 अंशांखाली फारसं काम करत नाही, तेव्हा वाळू टाका. आणि मीठ मिसळलेला बर्फ शेजाऱ्याच्या सीडरच्या कुंपणावर कधीही फेकू नका. वसंतात ते तपकिरी पडतं, आणि तेवढं कुंपण पुन्हा वाढायला वर्षं जातात.

शेजाऱ्याशी बोलायचं ते दारावर टकटक करून, समोरासमोर. तक्रारीची चिठ्ठी किंवा पालिकेला फोन यांनी सुरुवात करू नये. मी त्या मार्चनंतर आजोबांना एवढंच विचारलं, “पुढच्या वर्षी माझा बर्फ कुठे टाकला तर तुम्हाला त्रास होणार नाही?” ते कोट घालून बाहेर आले. पाणी कुठं वळतं, कुठं साठतं, हे चाळीस वर्षांचं ज्ञान त्यांनी मला वीस मिनिटांत दाखवलं. तेव्हापासून त्यांच्या तोंडाशी प्लाऊनं घातलेला बांध मी काढतो. तो बर्फ फार जड असतो, त्यांच्या वयाच्या माणसाच्या छातीला ते ओझं झेपणारं नाही. ते मला ऑगस्टमध्ये टोमॅटो देतात.

काल आम्ही दोघांनी मिळून, बर्फातही हद्द दिसावी म्हणून, तिच्यावर नारिंगी काठ्या रोवल्या. मी ठोकत होतो, ते मागे उभे राहून सरळ आहेत का ते बघत होते. एक त्यांनी उपटून अर्धा हात माझ्याकडे सरकवायला लावली, कारण तिच्या पलीकडे त्यांचं गुलाबाचं झुडूप गोणपाटात गुंडाळलेलं आहे. जमीन अजून मऊ आहे, काठी दोन ठोक्यांत आत जाते. गोठली की जाणार नाही.

नमस्कार.