पुतळा चमकवू नका

नमस्कार श्रोतेहो. ४ जुलै ही सरखेल कान्होजी आंग्रे यांची पुण्यतिथी. १७२९ साली ते गेले, समाधी अलिबागला आहे आणि त्यांच्या नावाचा नौदल तळ मुंबईत. आरमाराचा इतिहास पुणेकरांना नव्यानं सांगायला नको. पण अशा वीराचा पुतळा चौकात उभा केल्यावर तो सांभाळायचा कसा, हे फारसं कुणी सांगत नाही.

ब्राँझचा पुतळा आतून पोकळ असतो. काही मिलिमीटर जाडीचं कवच आणि आत सांगाडा. पुष्कळदा वापरतात त्या गनमेटल या ब्राँझच्याच प्रकारात शंभर किलोला ८५ किलो तांबं आणि पाच-पाच किलो कथील, जस्त, शिसं. उघड्यावर या धातूवर काळपट तपकिरी थर धरतो. तो मळ नव्हे, तीच पुतळ्याची छत्री! पुण्यतिथीच्या आदल्या दिवशी उत्साही मंडळी चिंच-लिंबू आणि भांड्यांची पावडर घेऊन शिडीवर चढतात आणि नेमकं तेच खरवडून काढतात. पुतळा दोन दिवस लखलखतो, मग पावसात डागाळतो. दुधाचा अभिषेकही नको. पागोट्याच्या पिळात साय अडकते, तिच्यावर धूळ बसते. हार सुतळीत ओवा, तारेनं ओरखडे उठतात.

धुवायचा तर मे महिन्यात, सकाळी नवाच्या आत. कबुतरांची विष्ठा खरवडू नका. ओलं फडकं दहा मिनिटं ठेवा, ती सुटते. बादलीभर पाण्यात चमचाभर सौम्य साबण, मऊ ब्रश, मग भरपूर साधं पाणी. बोअरचं पाणी नको, क्षारांचे पांढरे ओघळ राहतात. सांध्यांतलं पाणीसुद्धा वाळू द्या आणि मग मेणाचा पातळ हात फिरवून सुती कापडानं घासा. दुपारी धातू इतका तापतो की मेण ओघळतं.

शिवाजीनगरचा शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा १९२८ पासून उभा आहे. शिल्पकार करमरकर अलिबागजवळच्या सासवण्याचे, म्हणजे आंग्र्यांच्याच मुलखातले. पुण्यात निदान खारा वारा नाही. किनाऱ्यावर हेच धुणं-पुसणं जास्त वेळा करावं लागतं.

चौथऱ्यालगत, पायांच्या तळाशी पाणी निचरायची भोकं असतात. पावसाळ्याआधी त्यात वाकवलेली तार घालून पाहा. ती बुजली की पाणी आत साचतं आणि सांगाडा लोखंडी असेल तर गंजतो. गंजलेलं लोखंड फुगतं आणि कवचाला आतून तडा देतं. सांध्यातून तांबूस ओघळ दिसला तर त्यावर रंग फासू नका. फोटो काढा, तारीख लिहा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.