रडका खराटा

नमस्कार मंडळी. आज ज्या झाडाबद्दल बोलायचंय, त्याला इंग्रजीत म्हणतात वीपिंग ब्रूम. आमच्या घरी त्याचं नाव रडका खराटा. शास्त्रीय नाव कार्मायकेलिया स्टीव्हनसोनाय. मूळचं इथलंच, न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरच्या मार्लबरो भागातलं. पिवळ्या फुलांचा जो ब्रूम इथे डोंगरच्या डोंगर गिळतोय तो युरोपातून आलेला, त्याच्याशी याची गल्लत नको.

मोठ्या झाडाला पानं जवळजवळ नसतातच. हिरव्या, दोरीसारख्या फांद्याच पानांचं काम करतात आणि मोकळ्या सोडलेल्या केसांसारख्या खाली लोंबतात. पण रोप? रोप म्हणजे निव्वळ तपकिरी काड्या. मेलंय की जिवंत आहे, सांगून पटणार नाही.

मी अशी तीन रोपं लावली होती. त्याच सुमाराला सासूबाई राहायला आल्या. हाताला निवांतपणा नाही. एके दिवशी मी बाहेरून आले तर अंगण लख्ख! म्हणाल्या, "अगं, किती वाळक्या काड्या रोवून ठेवल्या होत्यास, काढून टाकल्या." दोन रोपं मुळासकट गेली. मी धावत तिसऱ्याकडे गेले, तर ते जागेवर! वाऱ्याने पडू नये म्हणून मी ते काठीला बांधलं होतं. सासूबाईंना वाटलं, काठीला सुतळी गुंडाळलीये. "सुतळी कामाला येते," म्हणून राहू दिली.

तर लागवड. भरपूर ऊन आणि पाण्याचा निचरा. पुन्हा सांगते, निचरा. मुळाशी पाणी साचू द्यायचं नाही. बी टणक असतं, ते किंचित खरवडून रात्रभर भिजवा. खताचा मारा नको. शेंगवर्गातलं झाड आहे, नत्राची सोय स्वतः करतं. (खताच्या पिशव्या आणण्यातच काहींना बागकामाचं समाधान मिळतं, असं आपलं माझं मत.) आणि रोपाला जाळी लावा. रानात हे झाड दुर्मिळ झालंय, कारण मेंढ्या आणि ससे कोवळी रोपं शिल्लकच ठेवत नाहीत. जाळी विसरू नका. जमल्यास पाटीही लावा, सासूबाईंसाठी.

आमच्या सुतळीला सातव्या वर्षी, जानेवारीत फुलं आली. फिकट जांभळ्या फुलांचे घोसच्या घोस. मी सासूबाईंना फोटो पाठवला. लगेच फोन आला, "छान आहे गं. आणि ते दोन खड्डे बुजवलेस का?"