पाचवी स्प्रिंग

काडेपेटीचा आतला खण बाहेर काढा, दोन टोकं धरा आणि पिळा. लगेच वाकडा होतो. आता तोच खण कव्हरात सरकवून पिळून बघा. पुठ्ठा पातळच आहे, पण जोर लावावा लागतो. बंद गाडी ही कव्हरातला खण आहे आणि कन्व्हर्टिबल, म्हणजे छत उघडणारी गाडी, हा नुसता खण. आज मला जे सांगायचंय ते सगळं या पुठ्ठ्यातून निघतं.

गाडीला स्प्रिंगा चार असतात असं आपण धरून चालतो. छत काढलं की पाचवी येते, खुद्द बॉडी. कंपन्या दाराखालचे उंबरे जाड करतात, तळाशी आडवे-तिरपे पट्टे टाकतात, तरी ती थोडी पिळवटतेच. आणि या पाचवीला शॉकॲब्सॉर्बर नाही! शॉकॲब्सॉर्बर बसतो चाक आणि बॉडी यांच्या मध्ये. चाकाची उडी तो आवरतो. बॉडी स्वतःच थरथरली तर तो बिचारा काय करणार? खड्डा मागे पडतो, आणि आरसा अन् स्टिअरिंग थरथरत राहतात. याला स्कटल शेक म्हणतात.

त्यात भर म्हणजे, टायरवर चाक उड्या मारतं ते सेकंदाला साधारण १० ते १५ वेळा, आणि बिनछताच्या बॉडीची स्वतःची कंपनं बऱ्याचदा त्याच्या आसपासच येतात. झोक्याला नेमक्या वेळी धक्का मिळावा, तसं होतं.

अशा गाडीत मालक पहिली गोष्ट कोणती करतो? कडक, बुटक्या स्प्रिंगा बसवतो. हा गाढवपणा मीही केलाय. आठवडाभर गाडी फार चपळ वाटली. मग लक्षात आलं की गुळगुळीत रस्ता सोडला तर मी प्रत्येक वळणात आधीपेक्षा हळू जातोय. स्प्रिंग दबत नव्हती, म्हणून बॉडी पिळत होती. गाडी खाली आणल्यामुळे चाकाला वर यायला जागाही उरली नव्हती. जरा मोठा उंचवटा आला की सस्पेन्शन थेट बंप स्टॉपच्या, म्हणजे चाकाला शेवटी अडवणाऱ्या रबरावर आदळायचं. ज्याला मी ‘कडक स्पोर्टी राइड’ समजत होतो, ती निम्मी त्या रबराची होती.

स्प्रिंग किती कडक असावी, याचा एक सोपा हिशेब आहे. चाकाशी मोजलं, तर गाडीच्या वजनाने स्प्रिंग २५ सेंटिमीटर दबत असेल तर गाडी सेकंदाला एकदा झुलते. ११ सेंटिमीटर दबली तर दीडदा, सहा-सव्वासहा दबली तर दोनदा. रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारला दीड ते दोनच्या मध्ये कुठेतरी सुख असतं. त्यापुढे गेलात की टायर रस्ता सोडायला लागतो, आणि हवेतल्या टायरला पकड कसली?

उदाहरण बघायचं तर १९६२ ची लोटस एलान बघा. लोटसचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांनी गाडीच्या मधोमध कण्यासारखी पोलादी चौकट ठेवली, वर फायबरग्लासची बॉडी, आणि स्प्रिंगा चक्क मऊ. गाडी हलकी, चौकट ताठ आणि शॉकॲब्सॉर्बर नेमके, म्हणून मऊपणा परवडला. १९८९ मध्ये आलेली माझदा एमएक्स-५ त्याच वाटेने गेली. चारही चाकांना डबल विशबोन, म्हणजे चाक धरणारे वर-खाली दोन आडवे हात, आणि गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या डिफरन्शियलपर्यंत जोडणारी ॲल्युमिनियमची चौकट. वळणात ती चांगलीच कलते. लोक त्याला दोष देतात. मला ते कलणं आवडतं, कारण पकड किती उरलीय हे त्यातून पाठीला कळतं.

पैसे खर्च करायचेच असतील तर आधी चांगल्या शॉकॲब्सॉर्बरवर करा. त्यात ‘लो स्पीड’ आणि ‘हाय स्पीड’ असे शब्द येतात, पण तो वेग गाडीचा नव्हे, शॉकॲब्सॉर्बरच्या दांड्याचा. वळणात गाडी कलते तेव्हा दांडा सावकाश सरकतो, तिथे विरोध हवा. खड्ड्यात तो झटक्यात आत जातो, तिथे त्याला जाऊ द्यायला हवं. स्वस्त मालात हे दोन्ही एकाच मापाने घट्ट केलेलं असतं.

आणि त्याही आधी, फुकटातली गोष्ट. विशबोनच्या सांध्यातल्या रबरी बुशांचे बोल्ट गाडी जॅकवर लटकलेली असताना आवळू नका. चाकं खाली लोंबत असताना आवळले, तर गाडी जमिनीवर आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं. गाडी उंच उभी राहते, कडक चालते आणि बुश लवकर फाटतात. गाडी स्वतःच्या वजनावर उभी करा, मग बोल्ट शेवटचे घट्ट करा. नव्या स्प्रिंगांवर फोडलेली किती खापरं खरं तर या एका चुकीच्या आवळण्याची असतात!

मघाशी कुणीतरी विचारलं, छत लावलं की फरक पडतो का? कापडी छताने जवळपास नाहीच. बोल्टने घट्ट बसणाऱ्या कडक छताने थोडा पडतो. तपासायचं असेल तर एकाच खडबडीत रस्त्यावरून, टायरमध्ये तेवढीच हवा ठेवून दोनदा जा आणि काचेच्या चौकटीवरच्या आरशात मागच्या गाडीचा नंबर वाचता येतो का, बघा.