तीन मिनिटांत तीन चाली

श्रोतेहो, दोन महायुद्धांच्या दरम्यान इंग्लंडमध्ये जे नृत्यवृंद गाजले त्यांचा विषय निघाला की अँब्रोज, लू स्टोन, हेन्री हॉल, रे नोबल ही वृंदप्रमुखांची नावे पुढे येतात आणि लंडनच्या बड्या हॉटेलांतून रात्री उशिरा बीबीसीवर होणाऱ्या थेट प्रक्षेपणांची वर्णने होतात. मी आज त्या झगमगाटाच्या कडेला बसलेल्या एका प्रकाराबद्दल बोलणार आहे. लोकांच्या तोंडी असलेली काही गाणी एकाला एक जोडून नुसत्या पियानोवर वाजवायची. गायक नाही, ट्रंपेट नाही, सॅक्सोफोन नाही. याला पियानो मेडली म्हणत. जाझच्या जाणकारांनी तिची फारशी कदर केली नाही. मला मात्र असे वाटते की, नाचाच्या गाण्यातून बाकी सगळे काढून घेतले तर हाती काय उरते, याचा सर्वांत प्रामाणिक हिशेब या मेडलीनेच मांडला.

हिशेब हा शब्द मी मुद्दाम वापरला. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटे मावत. बालगंधर्वांची पदे ज्यांनी तबकडीवर ऐकली आहेत त्यांना या तीन मिनिटांची कोंडी वेगळी सांगायला नको. आता त्या काळच्या लोकप्रिय गाण्याची बांधणी पाहा. आरंभी प्रस्तावनेसारखे एक कडवे, आणि त्यानंतर बहुधा ३२ बारांचे ध्रुवपद. एक बार म्हणजे चार मात्रांचा खंड. या ३२ बारांचे आठ-आठचे चार भाग पडत. पहिला, दुसरा आणि चौथा एकाच चालीचे, तिसरा वेगळा. फॉक्सट्रॉट मिनिटाला साधारण ३० ते ३२ बार या गतीने नाचला जाई. म्हणजे एक ध्रुवपद, एक मिनिट! प्रस्तावनेचे कडवे गाळले की एका बाजूवर तीन गाणी बसतात आणि दोन्ही बाजूंची मिळून सहा होतात. मेडलीचा आकार असा प्रतिभेपेक्षा गुणाकारातून आला. त्यात १९२५ नंतर ध्वनिमुद्रण विजेवर होऊ लागल्याने पियानोचा आवाज तबकडीवर पियानोसारखा उमटू लागला, हेही पथ्यावर पडले.

या प्रकाराशी सर्वांत घट्ट जोडले गेलेले नाव चार्ली कुंझ यांचे. ते मूळचे अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाचे, १८९६ साली जन्मलेले. १९२० च्या दशकात इंग्लंडला आले ते कायमचेच. रीजंट स्ट्रीटवर नृत्यशिक्षक सँतोस कसानी यांचा क्लब होता, तिथला वृंद कुंझ यांच्याकडे होता, आणि पुढे विख्यात झालेल्या व्हेरा लिन यांनी १९३५ च्या सुमारास त्याच वृंदाबरोबर गाऊन घेतले. परंतु कुंझ घरोघरी पोचले ते त्यांच्या पियानो मेडलींमुळे.

त्यांचे वादन प्रथम ऐकणाऱ्याची निराशा होण्याचा संभव आहे. बिली मेयर्ल यांच्यासारखी बोटांची आतषबाजी इथे नाही. हॅरी रॉय यांच्या वृंदातले आयव्हर मोर्टन आणि डेव्ह के दोन पियानोंवर जी धमाल उडवीत, तीही नाही. उजवा हात चाल सरळ सांगतो, डावा हात हलकेच ठेका धरतो. खरी कसोटी लागते ती दोन गाण्यांच्या सांध्यावर. मेडली वाजवणाऱ्यांची एक युक्ती अशी की, संपणाऱ्या गाण्याचा अखेरचा स्वर दाबून धरायचा आणि त्याखालचा स्वरमेळ बदलायचा. इतका वेळ जो स्वर षड्ज म्हणून कानात बसला होता तोच आता नव्या गाण्याचा पंचम होतो. आपल्याकडे गवई मूर्च्छनेच्या अंगाने असा भास निर्माण करतो तेव्हा श्रोते मान डोलावतात. इथे नाचणाऱ्याचा पाय मात्र एका मात्रेलाही अडखळता कामा नये.

हे साधेपण व्यवहाराच्याही सोयीचे होते. त्या काळी सामान्य इंग्रजी कुटुंबातही दिवाणखान्यात पियानो असे, आणि प्रकाशकांची बरीच कमाई गाण्यांच्या छापील स्वरलिपीवर चाले. तबकडी ऐकून घरच्या मुलीला ‘हे मलाही जमेल’ असे वाटले, की दुकानातून स्वरलिपीची एक प्रत उचलली जाई. जमत नसेच, हा भाग वेगळा. कारण असे हलके वाजवणे हेच मुळात अवघड.

दुसऱ्या महायुद्धात कुंझ यांच्याविषयी एक चमत्कारिक अफवा उठली. ते शत्रूचे हेर असून पियानोच्या स्वरांत मोर्सचे संकेत दडवून जर्मनांना पाठवतात, असे लोक बोलू लागले. तिच्यात तथ्य काहीच नव्हते. पण हा आळ एखाद्या वीस वादकांच्या वृंदावर आला नाही, आतषबाजी करणाऱ्या पियानोवादकावरही आला नाही. ज्याचा प्रत्येक स्वर सुटा, स्वच्छ आणि मोजता येईल असा ऐकू येत होता, त्याच्यावर आला.